झाकली फोडणी सव्वा लाखाची

मॉड्युलर किचन म्हणजे कारखान्यात ठरावीक मापांत तयार केलेले कप्पे, खण आणि दारं घरी आणून भिंतीला जोडलेलं स्वयंपाकघर. महाराष्ट्रात बोलताना मात्र कुणी एवढं लांबण लावत नाही. ‘ट्रॉल्या करून घेतल्या’ म्हटलं की पाहुण्याला खर्चाचा अंदाज येतो आणि तो उठून बघायला जातो. बघण्याची रीतही ठरलेली आहे. घरातली बाई एकेक खण बोटाने ओढते, मग हलकेच ढकलते. शेवटच्या दोन इंचांत खण आपणहून मंदावतो आणि आवाज न करता बंद होतो. पाहुणा ‘वा’ म्हणतो आणि स्वतः एकदा ढकलून बघतो. खणात काय होतं, हे दोघांपैकी कुणीच पाहिलेलं नसतं. पाहायचं नसतंच. आजच्या स्वयंपाकघराच्या आखणीत जे जे नवं म्हणून येतं, त्यातलं बहुतेक सगळं एका कामासाठी येतं: या घरात स्वयंपाक होतो, हे बाहेरच्याला कळू नये.

पूर्वी ही लपवाछपवी लागत नसे. वाड्यात स्वयंपाकघर मुळातच मागच्या अंगाला, माजघराच्या पलीकडे. परका माणूस तिथवर पोचायचाच नाही, त्यामुळे धूर, राख, चूल आणि उघड्या मांडणीवरची पितळी भांडी राजरोस नांदत. सगळा कारभार बैठा. विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, जेवणारे पाटावर. रॉकेलच्या स्टोव्हने बैठक थोडी हलवली आणि घरोघरी गॅस आल्यावर स्वयंपाक उभा राहिला. शहाबादी फरशीवर कडप्प्याचा ओटा आला आणि ओट्याखाली एक रिकामी जागा तयार झाली. त्या जागेत सिलिंडर, पिठाचा डबा, कांदे-बटाट्यांची टोपली आणि केरसुणी शिरली. मग कुणीतरी दोन खिळ्यांमध्ये स्प्रिंगची तार ताणून तिच्यावर जुन्या साडीचा पडदा लावला. महाराष्ट्रातल्या मॉड्युलर किचनचा आरंभ इथून धरायला हरकत नाही. पुढे पडद्याच्या जागी सरकत्या काचा आल्या, काचांच्या जागी स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या, आणि ट्रॉल्यांना बाहेरून लॅमिनेटची दारं. जुन्या साडीचं काम आता ॲक्रिलिक करतं, चौरस फुटाच्या भावाने.

कारखान्यात बनलेल्या स्वयंपाकघराची कल्पना मात्र जर्मनीतली. 1926 साली फ्रँकफुर्टमध्ये महापालिकेच्या वसाहती उभ्या राहत होत्या. त्यांच्यासाठी मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं आणि ते सुमारे 10,000 घरांत बसवलं गेलं. नमुना होता आगगाडीच्या भोजनडब्याचा. रुंदी 1.9 मीटर, लांबी साधारण 3.4 मीटर, म्हणजे सुमारे 70 चौरस फूट, पुण्यातल्या टू बीएचकेत आजही बिल्डर देतो तेवढंच. कोणत्या कामाला किती पावलं पडतात याचा त्या काळी घड्याळ लावून अभ्यास होत असे, त्यावर ही आखणी बेतली होती. माशा निळ्या रंगावर बसत नाहीत या समजुतीने लाकूडकामाला निळसर रंग दिला. पिठाचा खण ओकच्या लाकडाचा, किडे होऊ नयेत म्हणून. तांदूळ, साखर यांच्यासाठी नावं घातलेले ॲल्युमिनियमचे छोटे खण. राहायला आलेल्या बायकांनी त्या नावांकडे दुर्लक्ष करून त्यांत भलतंच भरलं. ज्या घरात ‘रवा’ लिहिलेल्या डब्यात मेथ्या आणि ‘मेथ्या’ लिहिलेल्या डब्यात लाँड्रीच्या पावत्या असतात, तिथे या बायका परक्या वाटणार नाहीत. श्युटे-लिहोट्स्की बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगून टाकलं की ते स्वयंपाकघर आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता. ही परंपरा त्यांच्या व्यवसायाने पुढेही निष्ठेने चालवली.

आखणीचे प्रकार चार: सरळ, समोरासमोर, एल आणि यू. पाचवा आयलंड, म्हणजे खोलीच्या मधोमध उभा केलेला स्वतंत्र ओटा. हा प्रकार चारही बाजूंनी फिरता येईल इतकी जागा मागतो, त्यामुळे तो बहुतेक घरांत फक्त थ्रीडी चित्रात असतो. या साऱ्यामागचा शास्त्रीय नियम त्रिकोणाचा. शेगडी, सिंक आणि फ्रीज हे तीन बिंदू जोडले की होणाऱ्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू 4 ते 9 फूट असावी आणि तिन्हींची बेरीज 13 ते 26 फुटांत बसावी, असं विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत ठरलं. मराठी घरातही हा त्रिकोण सापडतो, फक्त त्याचा एक कोन हॉलमध्ये असतो, कारण फ्रीज स्वयंपाकघरात मावलेला नसतो. शिवाय एक चौथा बिंदू अमेरिकेच्या लक्षात आला नाही, तो मिक्सरच्या प्लगचा. वायरमनने तो ज्या कोपऱ्यात दिला असेल, घरातली चटणी हयातभर त्याच कोपऱ्यात वाटली जाते.

ओपन किचन म्हणजे हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडणं. कारणं दोन दिली जातात: घर मोठं दिसतं, आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती एकटी पडत नाही. दुसरं कारण खरोखर चांगलं आहे. भिंतीआड तीन पिढ्या एकट्या पडल्या होत्या, त्यांच्याबद्दल आधी कुणी फारसं बोललं नव्हतं. अडचण भिंतीची नसून फोडणीची आहे. जाहिरातीतल्या ओपन किचनमध्ये नवरा लाल-पिवळी सिमला मिरची चिरतो आणि बायको हसते. सुके बोंबील कुणी भाजत नाही. प्रत्यक्षात तेल तापतं, मोहरी तडतडते, हिंग-लसूण पडते आणि तेलाचे बारीक थेंब ठसक्यासकट वर उठतात. मध्ये भिंत नसल्याने ते थेट सोफ्यावर जाऊन बसतात. सोफ्याचं कापडही ओपन किचनबरोबरच, फिकट रंगात निवडलेलं असतं.

यावर उपाय चिमणी. तिची ताकद ताशी घनमीटरांत मोजतात आणि दुकानदार 1200 च्या खालची दाखवायलाच तयार नसतो. हिशेब केला तर 70 चौरस फुटांच्या बंद स्वयंपाकघरात साधारण 19 घनमीटर हवा असते. म्हणजे अशी चिमणी कागदोपत्री मिनिटाभरात खोलीतली सगळी हवा बाहेर काढते. भिंत पाडल्यावर मात्र तिला हॉल, पॅसेज आणि बेडरूमचं अर्धं उघडं दार यांचाही भार वाहावा लागतो. चिमणी फोडणीच्या आधी सुरू करावी, असं तिच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. घरोघरी ती सुरू होते ठसका लागल्यावर, आणि बंद होते मालिका सुरू झाल्यावर, कारण चिमणीच्या घरघरीत संवाद ऐकू येत नाहीत. तिचा पाइप खिडकीची एक काच काढून बाहेर नेलेला असतो. बाहेर म्हणजे बहुधा ड्राय बाल्कनीत, जिथे कपडे वाळत असतात. ऑफिसला निघालेल्या माणसाने आज डब्यात काय आहे हे विचारायची गरज उरत नाही.

न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी घरांत हाच प्रश्न धुराच्या अलार्मपाशी येऊन थांबतो. तिथलं स्वयंपाकघर जन्मतःच उघडं आणि अलार्मला फोडणी व आग यांतला फरक कळत नाही. अनेकांनी दिवाळीचं तळण गॅरेजमध्ये हलवलं आहे. गाडी बाहेर, चकली आत.

पुण्या-मुंबईत ओपन किचनचा पुढचा टप्पा आता रुळला आहे: पाडलेल्या भिंतीच्या जागी काचेचं सरकतं दार. काच आरपार दिसणारी असेल तर ओटा दिसतो, म्हणून ती उभ्या रेघांची, पलीकडचं धूसर करणारी निवडतात. भिंत पाडण्याचे पैसे, राडारोडा उचलण्याचे पैसे आणि दाराचे पैसे, असे तीन वेळा मोजून स्वयंपाकघर होतं तिथे परत येतं.

ओट्याची कथा याहून करुण आहे. नव्या फ्लॅटचा ताबा मिळतो तेव्हा काळ्या ग्रॅनाइटचा ओटा तयार असतो. तो मजबूत असतो, त्याच्यावर गरम कढई ठेवता येते, चिंच सांडली तरी त्याला काही होत नाही. म्हणून तो आधी फोडतात. त्या जागी पांढरा क्वार्ट्‌झ येतो. हा दगडाचा चुरा आणि राळेसारखं रसायन यांपासून कारखान्यात बनतो. चुऱ्याला उष्णता चालते, रसायनाला चालत नाही; तापलेली कढई थेट टेकवली तर डाग राहतो. संगमरवर घ्यावा तर त्याचा आम्लाशी उभा दावा. लिंबू, कोकम, चिंच यांचा थेंब पडला की पॉलिश उडालंच. चिंच-गुळाची आमटी वर्ज्य करणं शक्य नसल्याने दुसरी वाट निघते. लाखभर रुपयांच्या त्या दगडावर आधी प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद, त्यावर जुनं वर्तमानपत्र आणि त्यावर लाकडी पाट, आणि मग पाटावर कढई. क्वार्ट्‌झ दिवाळीला दिसतो, कागद बदलताना.

उंचीचाही घोळ आहे. ओटा साधारण 32 ते 34 इंचांवर असतो, युरोपीय मापाच्या कपाटांबरोबर तो 36 पर्यंत चढतो. भाजी चिरायला एक उंची बरी पडते, पोळ्या लाटायला तिच्याहून कमी लागते, कारण लाटण्यावर वरून भार द्यायचा असतो. डिझायनर घरातल्यांची उंची विचारतो, टिपून घेतो आणि ओटा 34 इंचांवरच करतो. पाच फुटांच्या आजी त्यानंतर पोळपाट डायनिंग टेबलवर नेतात.

रंगांत काही वर्षं पांढऱ्याचं राज्य होतं, आता फिकट हिरवा, राखाडी आणि खाली एक, वर दुसरा अशा दोन रंगांची चलती आहे. कोणताही रंग निवडला तरी अखेरचा निर्णय हळदीचा असतो. हळदीतलं पिवळं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे ओल्या फडक्याने पुसलं की डाग जात नाही, पसरतो. उन्हात मात्र ते फिकं पडतं. स्वयंपाकघराची खिडकी डक्टकडे उघडत असल्याने ऊन येत नाही, आणि कपाटाचं दार बिजागरीतून काढून गच्चीत वाळत घालायला सोसायटीची परवानगी नसते.

दारांना मूठ नसणं, हे सध्या फार उच्च मानतात. मुठीऐवजी वरच्या कडेला एक आडवी खाच ठेवतात, तिला गोला प्रोफाइल म्हणतात. तिच्यात बोटं घालून दार ओढायचं. तिच्यात पीठ, रवा, साबुदाणा आणि क्वचित एखादा शेंगदाणाही जातो आणि राहतो. काळ्या मॅट दारांवर बोटांचे तेलकट ठसे उमटतात, त्यावरून रात्री श्रीखंड कुणी काढलं हे सकाळी सांगता येतं.

साठवण हा मॉड्युलर किचनचा गाभा. इथे डिझायनर आणि कुटुंब पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समोरासमोर येतात.

‘काकू, रोजच्या वापरातलं काय काय आहे?’

‘सगळंच.’

‘आणि कधीतरी लागणारं?’

‘ते पण हाताशीच हवं.’

डिझायनर मान डोलावतो आणि कॅटलॉगातलंच देतो. कॅटलॉगात कपबशांची ट्रॉली असते, काटे-चमच्यांचे कप्पे असतात, ताटं उभी ठेवायची जाळी असते, आणि बाटल्यांसाठी सहा-आठ इंचांचा अरुंद खण असतो. तो खण ऑलिव्ह तेलाची सडपातळ बाटली गृहीत धरून केलेला आहे. शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा कॅन त्यात शिरत नाही, म्हणून तिथे फिनेलची बाटली आणि गेल्या दिवाळीतली उटण्याची पाकिटं राहतात. एल आकाराच्या कोपऱ्यात मॅजिक कॉर्नर बसवतात: दार उघडलं की आतल्या जाळ्या एकामागून एक बाहेर येतात. त्यातली मागची जाळी साधारण सहा महिन्यांनी विस्मरणात जाते. तिथे गेलेली वस्तू नवी विकत आणली की मग सापडते.

कॅटलॉगात ज्यांना जागाच नाही, त्यांची संख्या मोठी आहे. पोळपाट तीन पायांचा आणि गोल. तो उभा राहत नाही, आडवा मावत नाही, आणि दिवसातून दोनदा लागतो. म्हणून तो मायक्रोवेव्हच्या वर असतो. परात कोणत्याच खणाच्या रुंदीला जुमानत नाही. ती सिंकच्या मागे भिंतीला टेकून उभी. पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र, पंधरा माणसांचा कुकर हे माळ्यावर चढतात आणि होळी, गणपती, दिवाळी या क्रमाने स्टुलावर चढलेल्या मुलाच्या हातून खाली येतात. विळीने मात्र जिद्द सोडली नाही. ती पाय मुडपून, स्क्रूने ओट्याच्या कडेला आवळून उभी राहायला शिकली आणि नारळ खवते आहे. क्वार्ट्‌झच्या कडेला पडलेला टवका तिचा.

धान्यासाठी सारख्या मापाच्या काचेच्या बरण्या हा नवा सोस आहे. तूरडाळ, मसूर, राजमा, हिरवे मूग रांगेत उभे दिसतात तेव्हा खरंच प्रसन्न वाटतं, हे मान्य करायला हवं. बरणी एक किलोची असते आणि डाळ पाच किलो आणलेली असते. उरलेली चार किलो, तोंडाला रबरबँड किंवा कपड्यांचा चिमटा लावून, बरण्यांच्या मागच्या रांगेत अंधारात बसते. त्या अंधाराच्याही मागे दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांचा गठ्ठा, आइस्क्रीमचे रिकामे डबे आणि पिशव्यांनी भरलेली पिशवी असते. झुरळांना मॉड्युलर किचन मनापासून आवडलं आहे. पूर्वी त्यांना मोरीचा ओलावा आणि अंधार शोधत फिरावं लागे. आता ठरावीक मापात, मागच्या बाजूला दोन बोटांची फट ठेवून, घरपोच मिळतो.

झाकण्याच्या या युगात एक उलटा प्रवाहही आहे: जुनं मुद्दाम दाखवणं. ज्या उघड्या मांडणीला मागच्या पिढीने भंगारात काढलं, ती ‘ओपन शेल्फ’ म्हणून परत आली आहे आणि तिच्यावर पितळी भांडी आहेत. भांड्यांत काही शिजत नाही. पितळेत आंबट पदार्थ कळकतो, त्याला आतून कथलाची कल्हई लागते आणि कल्हईवाला गल्लीत येईनासा झाला आहे. त्यामुळे आजेसासूबाईंचं पातेलं शोभेला, आणि त्याच्याखालच्या बंद खणात नॉनस्टिक कामाला. पाटा-वरवंट्याला हॉलच्या कोपऱ्यात दिव्याखाली जागा मिळते, आणि तांब्याच्या बंबातून मनीप्लँट बाहेर पडतो.

वास्तुशास्त्राप्रमाणे अग्नी आग्नेयेला आणि पाणी ईशान्येला हवं. सिंक आधीच तिथे असेल तर उत्तम, नसेल तर सरकवतात. सिंक सरकवलं की सांडपाण्याचा पाइप फिरवावा लागतो, फिरवला की उतार कमी पडतो, आणि काही महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला ओल येते. दोष असा एका मजल्याने खाली जातो. पुढचा निवाडा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत.

उपकरणांपैकी हॉबने शेगडीला हटवलं आहे. शेगडी ओट्यावर ठेवायची, हॉब दगड कापून त्यात बसवायचा. म्हणजे पाच वर्षांनी तो बिघडला तर त्याच मापाचा हॉब शोधायचा, नाहीतर दगड बदलायचा. बर्नर चार असतात. त्यांवर दोन मोठी पातेली ठेवली की बाकीचे दोन झाकले जातात. बटण दाबून पेटण्याची सोय असते आणि शेजारी लायटरही असतो. मिक्सर, टोस्टर, एअर फ्रायर यांना ओट्यावर उघडं दिसायची मनाई झाली आहे. त्यांच्यासाठी शटरचं एक कपाट करतात, त्याला ‘अप्लायन्स गॅरेज’ म्हणतात. रोज सकाळी शटर वर, मिक्सर बाहेर, चटणी, मिक्सर आत, शटर खाली. आठवड्याभराने शटर वरच राहतं.

डिशवॉशर मराठी घरात आला तेव्हा त्याची गाठ करपलेल्या दुधाच्या पातेल्याशी पडली. आता भारतात विकल्या जाणाऱ्या काही डिशवॉशरांत कढईसाठी वेगळा प्रोग्रॅमही असतो. तरीही भांडी आत लावण्यापूर्वी नळाखाली घासून घ्यायची सवय सुटत नाही, कारण इतकी खरकटी भांडी इतक्या महागाच्या यंत्रात घालायला जीव धजत नाही. भांडीवाल्या बाईंना कुणी रजा दिलेली नाही. त्या यंत्रातून निघालेली भांडी पुन्हा एकदा विसळून ठेवतात.

मोठ्या फ्लॅटमध्ये यावर शेवटचा तोडगा म्हणून दोन स्वयंपाकघरं आखतात, एक ड्राय आणि एक वेट. ड्राय किचनमध्ये कॉफीचं यंत्र, उंच खुर्च्या आणि फळांची परडी. वेट किचन त्याच्या मागे, दार लावून घेण्याजोगं, फोडणी-तळणासाठी. माजघराच्या पलीकडे असायचं तेच हे, नव्या भावात.

ज्यांना दोन परवडत नाहीत, त्यांचं वेट किचन ड्राय बाल्कनीत असतं. ग्रिलच्या आत, साधारण चार फूट बाय सहा फुटांच्या त्या जागेत वॉशिंग मशीन, तळणाची दुसरी शेगडी, कांदे-बटाट्यांची टोपली, घरघंटी, गच्चीवरून उतरवलेले पापड, भांडी घासायची जागा आणि फोडलेल्या ओट्यातला वाचवलेला काळ्या ग्रॅनाइटचा तुकडा असतो. त्या तुकड्यावर कढई उतरवतात. मॉड्युलर किचनच्या सात पानी कोटेशनमध्ये या जागेसाठी एकच ओळ असते: एक नळ, एक फळी, दर वेगळा.